लिंबाचा पार

पुण्यात सोसायटीमागच्या बागेजवळ परवा तिच्या चपलेखाली लिंबोळी चिरडली. तो कडसर-गोड वास नाकात शिरला आणि ती थेट वेळापुरात, आजीच्या पारावर जाऊन बसली.

लिंबोळ्यांचा सडा पडतो त्याच सुमारास माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते. अलीकडच्या उतारावर वारकरी धावत सुटतात. इथून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला, असं सांगतात. आजी सकाळीच पार झाडून पाणी शिंपडून ठेवायची. दाटीवाटीनं बसली तर दहा-बारा माणसं मावतील, एवढाच तो पार. "माउली, टेका जरा," एवढंच ती म्हणायची.

एका वर्षी एक म्हातारी आली. डोईवरचं तुळशीवृंदावन जपून खाली ठेवलं, गार दगडावर पाय टेकवले आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. टाचांच्या भेगांत चिखल वाळला होता. आजी पदरानं तिला वारा घालत राहिली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही.

अशाच एका टेकायच्या जागेबद्दल तिनं पुढं वाचलं. न्यूयॉर्कमध्ये 1967 साली पेली पार्क नावाची एक इवलीशी बाग झाली. 4,200 चौरस फूट, म्हणजे आपल्या हिशेबानं चार गुंठेसुद्धा नाहीत. थोडी झाडं, हलवता येतील अशा खुर्च्या, वीस फुटांवरून कोसळणारं पाणी. जगभर तिचं कौतुक झालं. ते वाचताना तिला मात्र वेळापूरच्या अर्धनारी नटेश्वर मंदिराचं आवार आठवलं. तिथली बारव, ते वीरगळ. दर्शन झालं की आजी तिथंही घटकाभर टेकायची.

सोसायटीमागच्या बागेला दुपारी कुलूप असतं. भाजीवाली मावशी, पार्सल पोचवणारी पोरं ऐन उन्हात बाहेर उभी असतात आणि आत बाकं रिकामी. हे तिला कधीच पटलेलं नाही. सावलीला कुलूप घालायचं नसतं.

पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी नोव्हेंबर 2021 मध्ये झाली. रस्ता रुंद झाला, गाड्यांची सोय झाली. पण वाटेवरची जुनी झाडं गेली, आणि वारी अजून पायीच चालते. त्या म्हातारीसारखी कुणी आज निघाली, तर तिनं टेकायचं कुठं?

या वाटेला लागून ज्यांचं रान आहे, त्यांनी अर्धा गुंठा सोडावा. एक लिंब लावावा, भोवती पार बांधावा. येत्या पावसातच लावावा. लिंबाला सावली धरायला पाच-सात वर्षं लागतात.