स्किप मागवा, पण सगळ्यात शेवटी!

भेटेल त्याला मी सध्या एकच गोष्ट सांगत सुटलेय: इंग्लंडमध्ये घरातली अडगळ काढायची असेल, तर स्किपच्या भाड्यातले भरपूर पैसे वाचवता येतात! आणि त्यासाठी घासाघीस करायची गरजच नाही. फक्त क्रम बदलायचा.

आपल्याकडे भंगारवाला दारात येतो, वजन करतो आणि वर आपल्यालाच पैसे देऊन जातो. इथे स्लाउमध्ये जुनं घर घेतलं, तेव्हा कळलं की कचरा नेण्याचे पैसे आपणच मोजायचे. स्किप म्हणजे लॉरीवरून साखळ्यांनी दारात उतरवलेली, वरून उघडी अशी भली थोरली लोखंडी पेटी. आपण भरायची, त्यांनी उचलून न्यायची.

आता खरी गंमत ऐका. स्किपचं भाडं ठरतं मुख्यतः आकारावर. चार, सहा, आठ घनयार्ड अशी मापं असतात. सहाच्या स्किपमध्ये साधारण पन्नास-साठ काळ्या पिशव्या मावतात. माल काठाच्या वर गेलेला चालत नाही. म्हणजे आत पोकळी राहिली की तिचेही पैसे आपण भरतो! हे लक्षात आल्यावर आम्ही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलो. आख्ख्या कपाटाचे स्क्रू काढले, फळ्या सुट्या केल्या, दारं तळाशी आडवी अंथरली. खोलीची भिंत अडवून बसलेलं ते धूड वीतभर थरात मावलं! वर जड सामान, फटींमध्ये किरकोळ तुकडे. अहो, स्किप भरणं ही कला आहे!

पण त्याहून मोठा शोध म्हणजे, निम्म्याअधिक वस्तू स्किपपर्यंत जायलाच नकोत. कौन्सिलचं कचरा केंद्र असतं ना, ज्याला इथे सगळे 'टिप' म्हणतात, तिथे घरगुती कचरा फुकट देता येतो. ३१ डिसेंबर २०२३ पासून तर घरच्या घरी केलेल्या दुरुस्तीच्या राडारोड्यालाही इंग्लंडमधल्या कौन्सिलांना पैसे लावता येत नाहीत. एका वेळी ५० लिटरच्या दोन गोण्या, चार आठवड्यांत चार फेऱ्या. मोडकी फरशी, विटांचे तुकडे असेच हळूहळू निघून जातात. जाण्याआधी कौन्सिलच्या साइटवर वेळ घ्यावी लागते का, तेवढं बघायचं.

चांगलं फर्निचर? ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या संस्था घरी येऊन मोफत नेतात. सोफ्यावर आगप्रतिबंधक लेबल मात्र शाबूत हवं. आणि सोफा स्किपमध्ये टाकायचा विचारही करू नका! जुन्या गाद्यागिर्द्यांतली घातक रसायनं असलेले सोफे जाळूनच नष्ट करावे लागतात, म्हणून स्किपवाले ते नाकारतात किंवा वेगळे पैसे लावतात. फ्रिज, टीव्ही, बॅटऱ्या, रंगाचे डबे, टायर हेही स्किपमध्ये चालत नाहीत.

आणि हे वेगळं काढणं इतकं मोलाचं का, तेही कळलं! कचरा गाडण्यावर इथे कर आहे, १९९६ पासून. २०२५-२६ मध्ये तो साध्या कचऱ्याला टनामागे १२६.१५ पौंड होता, आणि निव्वळ माती-विटांसारख्या मालाला फक्त ४.०५ पौंड! केवढी तफावत! माती-विटा जास्त असतील तर त्यांच्यासाठी वेगळ्या स्किपचा भाव विचारा. प्लास्टरबोर्ड तर मिसळायचाच नाही.

स्किप स्वतःच्या आवारात ठेवला की परवाना लागत नाही. रस्त्यावर ठेवायचा तर १९८० च्या हायवेज कायद्यानुसार परवानगी हवी. तिची फी आलीच, शिवाय रात्री दिवेही हवेत. म्हणून गाडी बाहेर लावा आणि आवार स्किपला द्या. शेजाऱ्यांनाही विचारा! आठ घनयार्डांचं भाडं चारच्या दुप्पट नसतं, त्यामुळे दोन घरांनी मिळून घेतला तर दोघांचाही फायदा. भाव विचारताना त्यात व्हॅट धरलाय का, हेही विचारायचं. तो २० टक्के असतो, शेवटी बिलात दिसला की डोळे पांढरे होतात.

एका ठिकाणी मात्र हात आखडता घेऊ नका. कुणी रोख घेऊन 'स्वस्तात नेतो' म्हणाला, तर एन्व्हायर्न्मेंट एजन्सीच्या यादीत त्याची नोंदणी तपासा, ती सगळ्यांना खुली आहे. त्याने तुमचा कचरा कुठे रानात फेकला आणि तुम्ही नोंदणी पाहिलीच नव्हती, तर तुम्हालाही ६०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

तेव्हा फोन उचलण्याआधी आवारात चार ढीग करा: देण्याचं, टिपवर न्यायचं, वेगळ्या विल्हेवाटीचं आणि उरलेलं. स्किप मागवा तो फक्त त्या चौथ्या ढिगाच्या मापाचा!