चांदीच्या खाणीचे गाव

जर्मनीत शिकणाऱ्या भाच्याकडे गेले होते, तेव्हा हार्ट्‌स पर्वतातले सांक्त आंद्रेआसबेर्ग पाहिले. चढाच्या रस्त्यांवर लाकडी घरे आणि गावातच सॅमसन ही चांदीची जुनी खाण. ती 1910 मध्ये बंद झाली. आता तिथे संग्रहालय आहे.

खाण 800 मीटरहून खोल. पूर्वी कामगार शिड्यांनी उतरत, दिवसभर दगड फोडत आणि शिड्यांनीच वर येत. जाण्या-येण्यातच कित्येक तास जात. 1837 मध्ये पाणचक्कीवर चालणारे यंत्र बसवले. दोन तारदोर आळीपाळीने खाली-वर होत. त्यांना पाय ठेवण्यापुरत्या पायऱ्या. कामगार एकीवरून दुसरीवर पाऊल टाकत वर येई. चाकाचे पाणी डोंगरातल्या ओडरटाइख तलावातून पाटाने आणलेले.

‘‘आणि पाय चुकला तर?’’ मी विचारले. भाचा काही बोलला नाही.

दादीचे चांदीचे तोडे अम्मीने जपून ठेवले आहेत. लहानपणी ते हातात घेऊन मी फक्त वजन पाहायची. ती चांदी कुणी, किती खोलवरून वर आणली असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा मनात आले.