चित्रात पाणी कुठे आहे?

परीक्षक म्हणून बोलावणे येणे ही मोठी गोड गोष्ट आहे. ज्याने काढलेला आंबा ड्रॉइंग मास्तरांना नेहमी वांग्यासारखा दिसला, त्यालाच खुर्चीवर बसवतात, समोर चहा-चिवडा ठेवतात आणि दुसऱ्यांच्या आंब्यांना गुण द्यायला सांगतात! अशा बोलावण्याला नाही म्हणण्याइतका मनाचा थोरपणा माझ्याजवळ नाही. त्यामुळे वर्धेला शिक्षिका असलेल्या माझ्या भाचीने जेव्हा फोनवर विचारले, "मामा, जलदिनाला आमच्या शाळेत चित्रांची आणि फोटोंची स्पर्धा आहे, तुम्ही याल का?" तेव्हा विषय काय, हे विचारण्याआधीच मी होकार देऊन टाकला.

विषय होता 'आमच्या भागाची पाण्याची गरज'. परीक्षक आम्ही तिघे. एक चित्रकलेचे मास्तर, एक निवृत्त इंजिनियर आणि तिसरा मी. मास्तर रेषा बघणार, इंजिनियर पाणी बघणार आणि मी, बहुधा, चिवडा बघणार, अशी कामाची वाटणी होती.

चित्रांचा गठ्ठा सुटला आणि पहिल्या अर्ध्या तासातच माझे डोळे पाणावले. कारण जवळजवळ प्रत्येक चित्रात पृथ्वी रडत होती! वर एक नळ, नळाला लोंबणारा एकच थेंब, खाली डोळे पुसणारी गोल पृथ्वी आणि रंगीत अक्षरांत 'पाणी वाचवा'. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. पाण्यावरच्या चित्रस्पर्धा काही नव्या नाहीत. केंद्रीय भूजल मंडळानेसुद्धा शाळकरी मुलांसाठी देशपातळीवर अशा स्पर्धा घेतल्या आहेत. बक्षीस कशाला मिळते, हे परीक्षकांपेक्षा मुलांनाच जास्त चांगले ठाऊक असते.

एका मुलाने मात्र पवनारची धाम नदी दोनदा काढली होती. डावीकडे ऑगस्टमधली, उजवीकडे मे महिन्यातली. डावीकडे निळा रंग संपवला होता, उजवीकडे नुसते खडक. इंजिनियरसाहेब ते चित्र हातात घेऊन माझ्याकडे वळले. "तुम्ही पुण्याचे. सांगा पाहू, पाऊस जास्त कुठे, तुमच्याकडे की आमच्याकडे?" मी तोंड उघडायच्या आतच त्यांनी उत्तर देऊन टाकले. "आमच्याकडे! वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास. पुणे शहराला एवढा मिळत नाही."

मग एवढे पाणी जाते कुठे? इंजिनियरसाहेबांना अशा प्रश्नाचीच वाट होती. वर्धेचा पाऊस जावयासारखा येतो, ते म्हणाले. थाटात येतो, चार दिवस धुमाकूळ घालतो आणि निघून जातो. जमीन काळी, कापसाची. ती भिजली की फुगते आणि तोंड मिटून घेते. तिच्याखाली बेसाल्टचा काळा खडक. त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात जे मुरेल तेवढेच आपले. बाकीचे धाम, बोर, वणा या नद्यांनी वर्धा नदीत जाते. वर्धा वैनगंगेला भेटते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीला मिळते आणि मे महिन्यात शेचाळीस अंशांच्या उन्हात वर्धेकर आभाळाकडे बघत बसतो.

एवढ्यात मास्तरांनी एक कागद बाजूला टाकला. "हे अपुरे आहे," ते म्हणाले. कागदावर तपकिरी टेकडी होती आणि तिच्या अंगावर एकाखाली एक अशा वाकड्या रेघा. झाड नाही, माणूस नाही, थेंबही नाही. इंजिनियरसाहेबांनी तो कागद झडप घालून परत घेतला. "अहो, अपुरे कसले? हे समपातळी चर आहेत!" मुलगा आर्वीकडचा निघाला. २०१७ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत आर्वी तालुक्यातले काकडदरा हे कोलाम आदिवासींचे छोटेसे गाव राज्यात पहिले आले होते. एप्रिल-मेच्या उन्हात गावकऱ्यांनी श्रमदानाने टेकड्यांच्या उतारावर चर खणले. उतारावरून धावत सुटलेले पाणी चरापाशी अडखळते, अडखळले की थांबते आणि थांबले की मुरते. सगळी विद्या एवढीच. पण ती रेघ एका पातळीत आली पाहिजे. थोडी जरी कलली, तरी पाणी सखल टोकाशी जमते आणि तिथला बांध फोडून जाते. मी त्या वाकड्या रेघा पुन्हा पाहिल्या. रेषा सरळ यावी म्हणून आमचे मास्तर आम्हाला बदडत असत. इथे रेषा टेकडीप्रमाणे वाकली, म्हणूनच बरोबर होती.

मग फोटो आले. हल्ली घरात एक तरी फोन असतोच, आणि फोन म्हणजे कॅमेरा. फोटोत एक सोय असते. रडणारी पृथ्वी त्यात सापडत नाही. जे समोर असेल तेच येते. एका फोटोत जुन्या विहिरीच्या काठाचा दगड होता, दोरांनी घासून घासून बोटभर खोल खाचा पडलेला. तो पाहून माझ्या मनात आले, या खाचा कुणाकुणाच्या दोरांच्या असतील? आणि कुणाचा दोर या काठाला लागूच दिला नसेल? जलदिन बावीस मार्चचा. त्याच्या दोनच दिवस आधीची तारीख, २० मार्च १९२७, महाडच्या चवदार तळ्याची. डॉ. आंबेडकरांनी त्या दिवशी ओंजळभर पाणी घेतले, त्याने सारा महाराष्ट्र हादरला. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, याच वर्धेत जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायणाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले केले. 'पाण्याची गरज' म्हटले की आपण लिटर मोजू लागतो. पाणी किती, याच्याइतकाच पाणी कुणाचे, हाही प्रश्न आहे आणि तो लिटरात मोजता येत नाही.

शेवटून दुसरा फोटो सातवीतल्या एका मुलीचा होता. पहाटेचा उजेड, बंद नळ आणि नळापुढे लांबच लांब रांग. रांगेत माणूस एकही नाही. एक पितळी गुंड, दोन प्लास्टिकचे डबे, एक बादली, एक वीट, पुन्हा एक गुंड आणि त्यामागे एक शाळेचे दप्तर.

"पण या चित्रात पाणी कुठे आहे?" मास्तर म्हणाले. पोरगी व्हरांड्यातच होती. तिला आत बोलावले. मास्तरांनी तोच प्रश्न तिला विचारला.

ती आधी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सर, पानी आलं म्हंजे फोटो कोन काढन? तवा हात कुठी मोकळे राह्यते!"

"आणि हे दप्तर कुणाचं?"

"माह्यंच. नंबर लावला होता."

खोलीत काही वेळ कुणी बोलले नाही. मी मघाच्या गठ्ठ्याकडे पाहिले. 'पाणी वाचवा' हे आपण कुणाला सांगत होतो? जिच्या घरी तांदूळ धुतलेल्या पाण्याने भांडी विसळतात आणि भांड्यांचे पाणी शेळीपुढे ठेवतात, तिला? उपाशी माणसाला लंघनाचे फायदे समजावून सांगावेत, तसाच हा प्रकार! ती पाणी वाचवतेच आहे. आपल्या शाळेच्या वेळेतून वाचवते आहे.

निकाल लावायला बसलो. चित्रांत पहिले बक्षीस एका नीटस रडणाऱ्या पृथ्वीला गेले. मास्तरांपुढे आमचे चालले नाही. चरांच्या टेकडीला दुसरे मिळाले. फोटोंची पाळी आली तेव्हा मी भांडणाच्या तयारीने बाह्या सरसावल्या होत्या. पण मास्तरांनी चष्मा पुसला, तो फोटो पुन्हा एकदा लांब धरला आणि हळूच म्हणाले, "उजेड काय पकडलाय पोरीनं!" आणि त्यांनीच तिच्या नावापुढे एकचा आकडा घातला.

दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभ झाला. बक्षीस होते स्टीलची पाण्याची बाटली. त्या मुलीचे नाव दोनदा पुकारले. कुणीच उठले नाही. भाचीने माझ्या कानाशी वाकून सांगितले, "मामा, आज त्यांच्याकडे नळाचा दिवस आहे." बाटली वर्गशिक्षकांनी घेतली.

आता दिवाळी आली आहे. नरक चतुर्दशीला पहाटे उटणे लावून आपण सारे कढत पाण्याने न्हाऊ, आणि न्हावेच. अभ्यंगस्नानावर कुणी विरजण घालावे असे मला वाटत नाही. पण फराळ झाल्यावर घरातल्या मुलांना एक कागद द्या आणि सांगा, आपल्या घरचे पाणी कुठून येते ते काढा. मुंबईची मुले नळ काढतील. त्यांना विचारा, नळाच्या मागे काय? त्यामागे तानसा आहे, वैतरणा आहे, भातसा आहे. आणि त्याच धरणांच्या शहापूर तालुक्यात असे पाडे आहेत, जिथल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघत उभ्या असतात. पुण्याच्या मुलांना खडकवासल्याच्या वरचे डोंगर काढू द्या.

नळापर्यंत सगळीच मुले काढतील. त्याच्या मागचे काढायला ती तुमची मदत मागतील. तेव्हा जरा बसा त्यांच्याजवळ.