तिसरं मिनिट

माझा कराटेचा पहिला गणवेश आईने मांजरपाटाचा शिवला होता. साल 1987, मी सातवीत होते. डहाणूत तयार गणवेश मिळत नव्हता आणि मुंबईहून मागवायचा तर वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाची आठवड्याची कमाई गेली असती. आईने शेजारच्या मुलाचा गणवेश मापाला आणला. चार पदरी पट्टा केला आणि त्यावर मशीनच्या इतक्या टिपा मारल्या की तो वेताच्या छडीसारखा ताठ झाला. रविवारी सकाळी तो बांधून मी वर्गाला निघाले, तेव्हा डोळ्यांसमोर हवेतली उडी आणि लाथ होती. गावात भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर ब्रूस ली बघितलेल्या आम्हा सगळ्या मुलांना तेवढंच ठाऊक होतं.

सरांनी त्या दिवशी लाथही शिकवली नाही आणि ठोसाही नाही. त्यांनी आम्हाला उभं केलं. पाय खांद्यांच्या दुप्पट अंतरावर, पावलं समांतर, गुडघे वाकवून बाहेर रेटलेले, पाठ सरळ, मुठी कमरेशी. घोड्यावर मांड ठोकावी तसं, फक्त खाली घोडा नाही. जपानी भाषेत याला किबा दाची म्हणतात. किबा म्हणजे घोडेस्वारी आणि दाची म्हणजे उभं राहण्याची ठेवण. शाळेच्या सभागृहातली शहाबादी फरशी सकाळी गार असायची. त्या फरशीवर तीस-पस्तीस मुलं बिनघोड्याची स्वार होऊन उभी राहिली आणि सर हातातल्या घड्याळाकडे बघत आमच्यामधून फिरू लागले.

पहिलं मिनिट सोपं गेलं. दुसऱ्यात मांड्या पेटल्या. तिसऱ्यात पाय थरथरायला लागले तशी मी सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "थरथरू दे. पाय शिकतायत."

पुढचे तीन महिने जवळजवळ हेच चाललं. निम्मी मुलं सोडून गेली. मीही सोडणार होते, पण आईच्या त्या टिपा आठवायच्या. राहिले, आणि हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. तिसऱ्या मिनिटाला आधी पाय हरत नाहीत, मन हरतं. मन एकेक सबब पुढे करतं. फरशी निसरडी आहे, काल ताप होता, पलीकडची उठली मग मी का नको, सर आता बघत नाहीत. प्रत्येक सबब खरी वाटते. तिचं ऐकून उठलं की मांड्यांना क्षणात आराम मिळतो आणि त्याबरोबर एक बारीकशी लाज येते. ऐकलं नाही तर ती सबब थोडा वेळ घुटमळते आणि निघून जाते. मग दुसरी येते. बारा वर्षांच्या मुलीला मनावर ताबा वगैरे मोठे शब्द माहीत नव्हते. पण आपलं मन आपल्याला फसवतं आणि ते फसवताना त्याला पकडता येतं, हे मला त्या फरशीवर कळलं.

पावसाळा संपला की सर आम्हाला समुद्रावर न्यायचे. डहाणूच्या किनाऱ्याला सुरूची झाडं आहेत. त्यांच्या पुढे, ओहोटीच्या ओल्या वाळूत आम्ही रांगेने उभे राहायचो. वाळूत अवघड वेगळं. फरशी पायाखालून सरकत नाही, वाळू सरकते. लाट येऊन परतली की टाचेखालची वाळू खणून नेते आणि अंग मागे कलतं. अशा वेळी अंग ताठ केलं की माणूस पडतो. गुडघे सैल सोडून, पायाच्या बोटांनी वाळू धरून आणखी खाली बसावं लागतं. डोलायचं, पण जागा सोडायची नाही.

खूप नंतर गिचिन फुनाकोशी यांचं आत्मकथन वाचलं. ओकिनावा बेटावरची ही विद्या त्यांनी 1922 मध्ये तोक्योत दाखवली आणि तिथून ती जपानभर पसरली. आज शोतोकान कराटे शिकणारा प्रत्येक जण त्यांना गुरू मानतो. ते मूळचे प्राथमिक शाळेचे शिक्षक होते, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्यांच्या तरुणपणीचा एक प्रसंग त्यात आहे. चक्रीवादळात लोक घरात दडून बसले असताना हा माणूस छपरावर चढला, एक चटई वाऱ्यासमोर धरली आणि किबा दाचीत उभा राहिला. वाऱ्याने त्यांना खाली चिखलात फेकलं. ते पुन्हा चढले. सगळी हालचाल याच ठेवणीत करायचे तेक्की नावाचे तीन काता आहेत. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची सलग मालिका. ते तीन काता शिकण्यात फुनाकोशी यांची दहा वर्षं गेली. ते वाचताना मला आमच्या सरांचं घड्याळ आठवलं.

1992 मध्ये मी तपकिरी पट्ट्याच्या परीक्षेत नापास झाले. समोरासमोरच्या लढतीत आमच्याकडे ठोसा अंगाला लावत नाहीत, कातडीच्या अलीकडे थांबवतात. त्याला सुंदोमे म्हणतात. सुन हे जपानी माप साधारण तीन सेंटिमीटरचं. पूर्ण ताकदीने निघालेली मूठ तेवढ्या अंतरावर थांबली पाहिजे. समोरच्या मुलीचा ठोसा माझ्या कानाला घासून गेला, मला राग आला आणि माझी मूठ थांबली नाही. तिच्या नाकातून रक्त आलं. परीक्षकांनी माझ्या नावापुढे फुली मारली. सर काही बोलले नाहीत. त्यांनी मला तिच्या नाकाला बर्फ धरायला लावला आणि तिचा सुटलेला पट्टा पुन्हा बांधायला लावला. गुडघ्यांवर बसून तिच्या पोटाशी ती गाठ मारताना माझे हात थरथरत होते. रागही तिसऱ्या मिनिटासारखाच असतो. तोही सबब घेऊन येतो, आणि त्याची सबब सगळ्यांत खरी वाटते. मारायला जेवढी ताकद लागते, त्याहून जास्त ताकद थांबवायला लागते.

ही ताकद पुढे कुठे लागेल याची मला कल्पना नव्हती. डी.एड.ला असताना विरारपर्यंत शटलने जायचे. डहाणूला लोकल यायला 2013 उजाडावं लागलं. तेव्हा हाती असलेल्या दोन-तीन गाड्यांत दूधवाले, मासळीच्या पाट्या आणि आम्ही विद्यार्थी दाटीवाटीने उभे असायचो. एकदा गर्दीत एकाचा हात नको तिथे आला. सात वर्षं घोटलेला ठोसा माझ्या खांद्यात तयार होता. मी पाय फाकवले, गुडघे सैल सोडले, वळून त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि पोटातून आवाज काढून म्हटलं, "हात मागे घ्या." अख्खा डबा वळला. तो माणूस पुढच्या स्टेशनवर उतरला. मूठ कमरेवरून हललीही नव्हती.

2003 मध्ये वडिलांना अर्धांगवायू झाला. अठरा महिने ते अंथरुणावर होते. त्यांना उचलून बसवणं, कूस बदलणं, न्हाऊ घालणं, हे काम माझ्याकडे आलं. डॉक्टर म्हणाले, कमरेतून वाकून उचलू नका, पाठ जाईल. मी खाटेशेजारी पाय फाकवून खाली बसले, पाठ सरळ ठेवली आणि त्यांना छातीशी घेऊन मांड्यांच्या जोरावर उठले. किबा दाची. वडील आयुष्यात कधी माझा कराटे बघायला आले नव्हते. दुकानातून वेळच मिळायचा नाही. आता ते दिवसातून चार वेळा त्याच ठेवणीच्या आधाराने उठत होते. पण अवघड होत्या त्या रात्री. रोज रात्री तीनच्या सुमारास ते हाक मारायचे आणि रोज मन सबब सांगायचं: आईला जाऊ दे, पाच मिनिटांनी उठू, आज त्यांना झोप लागेल. मी त्या सबबींना ओळखत होते, म्हणून उठू शकले. रोज उठले असं म्हणणार नाही. ज्या रात्री नाही उठले, त्या रात्री मला अजून आठवतात.

शिक्षिका म्हणून मी तलासरी तालुक्यात आले. शाळेतल्या मुली बहुतेक वारली. संध्याकाळी मैदानात मी त्यांना कराटे शिकवायला लागले आणि पहिल्याच दिवशी चकित झाले. मी "गुडघे वाका" म्हणायच्या आत त्या खाली बसल्या होत्या. आवणीच्या चिखलात दिवसभर वाकून भाताची रोपं लावणारे, तारप्याच्या तालावर एकमेकींच्या कमरेला हात घालून रात्रभर फेर धरणारे ते पाय. चिखलात पाय कसा धरायचा हे मी त्यांना काय शिकवणार? तिसरं मिनिट आलं, पाचवं आलं. चौथीतली एक मुलगी हसत म्हणाली, "बाई, अजून किती वेळ?" तिच्या आवाजात त्रास नव्हता, नुसती चौकशी होती.

त्यांना अवघड होतं ते दुसरंच. मान वर करणं. मी समोर उभी राहून "माझ्या डोळ्यांत बघा" म्हटलं की सगळ्यांच्या नजरा खाली. आवाज काढा म्हटलं की ओठ मिटलेले. हे मला कळायला वेळ लागला. या मातीतल्या माणसांना मालकासमोर मान वर करायची मुभा पिढ्यान् पिढ्या नव्हती. जमीन सावकाराची, आणि त्याच्या शेतावर, जंगलावर बिनमजुरीची वेठ. लग्नासाठी कर्ज घेतलं की नवराबायको दोघं त्याच्याकडे लग्नगडी म्हणून राबणार. 23 मे 1945 रोजी आमच्या तालुक्यातल्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरवून परतले. त्यांच्यासोबत शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण गेले. लोक मागे हटले नाहीत, आणि वेठ मोडली. गोदावरीबाईंनी ही हकिगत ज्या पुस्तकात लिहिली त्याचं नाव 'जेव्हा माणूस जागा होतो'. मी मुलींना ती गोष्ट सांगते, कारण ती त्यांच्या पणजोबांची आहे. सबबींनी भरलेल्या तिसऱ्या मिनिटाला जागा न सोडण्याचा याहून मोठा धडा मला माहीत नाही. ज्यांच्या पूर्वजांनी बंदुकीपुढे पाय रोवले, त्यांना मी फक्त मान वर करायची आठवण करून देते.

2018 च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडची जमीनच हलायला लागली. डहाणू-तलासरीत, विशेषतः धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले. आधी सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग हादरा. कधी दिवसाला एक, कधी अनेक. लोक थंडीत अंगणात झोपायला लागले, तंबू आले. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 तीव्रतेचा धक्का बसला. घाबरून बाहेर पळताना पडून हळदपाड्याची दोन वर्षांची एक मुलगी गेली. त्या रात्री मी झोपू शकले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या सरावात एक नवी गोष्ट आली. मी टाळी वाजवली की पळायचं नाही. मैदानात असाल तर जागीच खाली बसायचं. वर्गात असाल तर बाकाखाली शिरायचं, एका हाताने डोकं झाकायचं, दुसऱ्याने बाकाचा पाय धरायचा, आणि हादरा थांबेपर्यंत श्वास मोजायचा. एका मुलीने विचारलं, "बाई, हे पण कराटे आहे का?" मी म्हटलं, आहे. पळ, असं सांगणाऱ्या मनाचं न ऐकता जागा धरून ठेवायची, हे कराटे नाही तर दुसरं काय आहे? याच दिवसांत मला डहाणूची वाळू पुन्हा आठवली. कारवीच्या कुडाची हलकी घरं डोलत होती आणि मातीत रचलेल्या विटांच्या जड भिंतींना तडे जात होते. ताठ उभं राहणं आणि पाय रोवून उभं राहणं यांत फरक आहे. पाय रोवणाऱ्याचे गुडघे सैल असतात.

दिवाळीनंतर काही घरं वीटभट्टीवर जातात आणि आमची रांग तुटते. परवाच्या वर्षी अशीच एक सहावीतली मुलगी गेली आणि शिमग्याला परत आली. मला वाटलं होतं, आता नव्याने सुरुवात करावी लागणार. ती रांगेत आली, खाली बसली आणि पाच मिनिटं हलली नाही. म्हणाली, भट्टीवर रोज संध्याकाळी विटांच्या थप्पीमागे उभी राहायची. कुणी घड्याळ लावून बघत नव्हतं, कुणी शाबासकी देत नव्हतं. मला जे सात वर्षांत कळलं, ते तिला एका हंगामात कळलं होतं.

आई-वडील मुलांना वर्गात घालायला येतात तेव्हा पहिला प्रश्न असतो, काळा पट्टा कधी मिळेल? माझी त्यांना विनंती असते, आणि हे वाचणाऱ्यांनाही आहे. पट्ट्याचं विचारू नका. मुलगी घरी येऊन पाय दुखतात म्हणून रडली तर दुसऱ्या दिवशी घरी ठेवू नका. मुलाने कुणाला मारलं असं कळलं तर त्याचं कौतुक करू नका. त्यांना एक वर्ष नुसतं उभं राहू द्या. तिसऱ्या मिनिटाला मन काय काय सांगतं, ते त्यांचं त्यांना ऐकू द्या. पुढे आयुष्यात ते मिनिट पुन्हा पुन्हा येणार आहे, आणि तेव्हा शेजारी घड्याळ घेऊन कुणी सर उभे नसतील.