मरण्यापुरता पडद्यावर

सिनेमावर, मालिकांवर लिहितो म्हटलं की आपले काही कार्यकर्ते तोंड वाकडं करतात. गायरानाचा प्रश्न पडलाय, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात आणि हा टीव्हीवर लिहितोय! त्यांचं खरं आहे. पण दोस्तहो, संध्याकाळी वस्तीतून एक चक्कर टाका. अभ्यासवर्गाला सात पोरं आणि प्रत्येक दारातून मालिकेचा आवाज. आपण आठवड्यातून एकदा दोन तास बोलतो. तो डबा रोज बोलतो. तो आपल्या घरात शिरून आपल्याविषयीच काय बोलतो, हे कुणी बघायचं?

मी बघत आलोय. चाळीस वर्षं. दुसऱ्याच्या खिडकीतून, तिकीट काढून, आता पोरीच्या मोबाईलवर. मी समीक्षक नाही. पण पडद्यावर आपला माणूस आला की पुढं त्याचं काय करणार, हे मला आधीच कळतं.

त्याला मारणार.

१९३६ चा 'अछूत कन्या' घ्या. देविकाराणीची कस्तुरी रेल्वेच्या फाटकावर मरते. प्रेक्षक डोळे पुसतो. त्याच १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांचं भाषण झेपलं नाही, त्यांनी परिषदच रद्द केली आणि बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापलं. म्हणजे मेलेली कस्तुरी चालते, बोलणारा आंबेडकर चालत नाही. मग १९५९ ला बिमल रॉयचा 'सुजाता' आला. माणूस प्रामाणिक, नूतन तर अप्रतिमच. पण सुजाता घरातली मुलगी कधी ठरते? सांभाळणाऱ्या आईला रक्त देते तेव्हा. १९३६ ला जीव द्या, १९५९ ला रक्त द्या. तेवीस वर्षांत भाव तेवढाच उतरला.

सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी १९८१ साली 'सद्गती' केला. प्रेमचंदांची कथा. दुखी चांभार पोरीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला ब्राह्मणाकडं जातो. अंगात ताप, पोटात अन्न नाही. ब्राह्मण त्याला लाकडाचा ओंडका फोडायला बसवतो. ओंडका फुटत नाही, दुखी मरतो. आम्ही तो वस्तीतल्या समाजमंदिरात बघितला. ओम पुरी कोसळला तशा बाया पदराला डोळे पुसायला लागल्या. स्मिता पाटील त्या दारात आक्रोश करते तेव्हा तर हुंदकेच. माझी आय मात्र ताठ बसलेली. शेवटी म्हणाली, "त्येंनी मढं उचाललं न्हाई, ते ब्येस केलं."

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सिनेमात तो गोंड चांभारवाड्यात जाऊन सांगतो, प्रेताला हात लावू नका. ते लावत नाहीत. मग ब्राह्मणालाच पायाला दोरी बांधून प्रेत ओढत न्यावं लागतं. आयचा बाप गावची मेलेली ढोरं ओढायचा. १९२७ ला महाडात बाबासाहेबांनी मेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. ती गोष्ट गावोगाव पोचत पोचत आजोबांपर्यंत आली. त्यांनी मांस सोडलं, ओढणंही सोडलं. गावानं दाणापाणी तोडलं. आयनं लहानपणी ते भोगलेलं. सगळे मेलेल्या माणसाकडं बघत होते, आय न उचलणाऱ्यांकडं बघत होती. पुढं मी पुष्कळ परीक्षणं वाचली. दया, करुणा, मानवता सगळं होतं. आयला दिसलं ते कुठं सापडलं नाही.

१९८७-८८ चं 'रामायण'. रविवारी सकाळी अख्खा देश थांबायचा. आमच्या गावात टीव्ही एकच, एका बड्या घरात. सगळं गाव आत, आम्ही पोरं खिडकीच्या गजाला. पडद्यावर राम शबरीची उष्टी बोरं खायचा आणि आम्हाला तहान लागली की वरून ओंजळीत पाणी. त्या घरातल्या म्हातारीला यात काही विपरीत वाटत नव्हतं. तीही शबरीला बघून रडायची. दोन्ही एकाच वेळी जमतं, साला, हे मी त्या खिडकीत शिकलो.

१९८८ ला ती मालिका संपायला आली तेव्हा जालंधरच्या सफाई कामगारांनी संप केला. पुढची कथा दाखवा म्हणून. शहरात कचरा साचला आणि पुढं उत्तर रामायण आलंही. आपल्यातले हुशार यावर हसतात. मी हसत नाही. ती माणसं स्वतःला वाल्मिकी म्हणवतात, त्यांना आपल्या वाल्मिकीची गोष्ट पुरी बघायची होती. पण एक सांगा, झाडू खाली ठेवला की दिल्ली हलते, हे जर एका मालिकेसाठी कळलं, तर गटारात माणूस उतरवू नका यासाठी तो झाडू का खाली पडत नाही? हातानं मैला उचलण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. माणसं अजून गटारात गुदमरतायत. त्याची मालिका होत नाही.

आता दोन दगडांविषयी. १९७४ च्या बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये शेवटी एक पोरगं जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतं. काच फुटते. शहरातला प्रेक्षक खूश. कारण जमीनदार तो नव्हे! १९१३ पासून चाललेल्या आपल्या सिनेमाला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१३ साली, नागराज मंजुळेचा 'फँड्री' आला. जब्या दगड मारतो तो सरळ कॅमेऱ्यावर. मी बघितला त्या टॉकीजमध्ये डुक्कर पकडायची धावपळ चालली तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं हसत होती. दगड आला आणि हसू घशात अडकलं. हा फरक कॅमेरा कुणाच्या हातात आहे याचा.

पण 'फँड्री'तला एक दगड आपल्यालाही आहे, तो चुकवू नका. बांबूला बांधलेलं डुक्कर जब्याचं घर खांद्यावरून नेतं, मागं भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाई. जब्या कैकाडी आहे. भिंत रंगवणारे आपण, जयंतीला मिरवणारे आपण. जब्याच्या पालावर आपल्यापैकी कितीजण गेलेत?

'सैराट' २०१६ ला आला, २०१८ ला त्याचा हिंदी 'धडक' झाला. हिंदीत जात इतकी पुसट केली की खून कशासाठी झाला तेच कळेना. २०२५ ला 'फुले' सिनेमा ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला येणार होता. आक्षेप आले, सेन्सॉरनं जातींची नावं काढायला सांगितली, सिनेमा दोन आठवडे पुढं गेला. दाखल्यावर जात लिहायची, भाड्यानं खोली देताना जात विचारायची, पण जोतीरावांच्या सिनेमात तिचं नाव घ्यायचं नाही!

नीरज घेवानची दोन कामं मला मोलाची वाटतात. २०२१ च्या 'गीली पुच्ची'त कोंकणा सेनची भारती मंडल कारखान्यात मशीनवर आहे. तिच्या लायकीची खुर्ची दुसरीला मिळते. भारती काही गोड नाही. ती डाव टाकते आणि खुर्ची मिळवते. कुणी म्हणालं, दलित बाई अशी कपटी का दाखवली? अरे, आमच्या माणसानं नेहमी चांगलंच का असावं? चांगला असला की तुम्ही त्याला मारता. दुसरं, २०२३ च्या 'मेड इन हेवन'मधलं बौद्ध लग्न. राधिका आपटेची नवरी शिकलेली, परदेशात नाव काढलेली, आणि लग्न बौद्ध पद्धतीनंही हवं म्हणून अडून बसते. आमच्या पोरीनं ते तीनदा बघितलं. मी विचारलं, काय आहे त्यात एवढं? म्हणाली, "बाबा, यात कुणी मरत नाही."

माझ्या चाळीस वर्षांच्या बघण्याचा हिशेब पोरीनं एका वाक्यात केला.

म्हणून सुचवतो. महिन्यातून एकदा विहारात, समाजमंदिरात एक सिनेमा किंवा मालिकेचा एक भाग सगळ्यांनी मिळून बघावा. बाया, म्हातारे, पोरं, सगळ्यांनी. मातंग, कैकाडी, वडार बांधवांनाही बोलवावं. मग तीन प्रश्न विचारावे. यात कोण मरतं? कोण नकार देतं? कॅमेरा कुणाच्या हातात आहे? आधी म्हाताऱ्यांना बोलू द्यावं आणि कुणीतरी ते लिहून घ्यावं. आयसारखी नजर असलेली माणसं एकेक करून चाललीत. त्यांनी काय बघितलं हे आपण टिपलं नाही, तर आपल्या पोरांना स्वतःच्या मरणावर रडायलाच तेवढं शिकवलं जाईल.

जयभीम.