अर्धी बाटली

सरकारी नोकराच्या बिऱ्हाडात दोन वस्तू कधी टाकल्या जात नाहीत : एक, मागल्या बदलीची खोकी, आणि दुसरी, उरलेले औषध. आमच्या घरी या दोहोंचाही संग्रह मोठा होता. रायपूरला बदली होऊन आम्ही पंडरीत राहावयास आलो ते २०१६ साली. बसस्थानक तेव्हा पंडरीतच होते. भाटागावला ते गेले २०२१ मध्ये. गाड्यांचा धुरळा आणि कापडबाजाराचा गलका एकाच खिडकीतून आत येई. मुलांना खोकला होण्यास याहून अधिक कारण लागत नाही.

घरात पंथ दोन होते. सौभाग्यवतींची निष्ठा अडुळशावर. त्याची कुंडी त्यांनी तीन बदल्यांतून सांभाळून आणलेली. आमची निष्ठा ॲंटिबायॉटिकवर, आणि ती वडिलोपार्जित. पिंपरीच्या कारखान्यात १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले, त्याचा आमच्या वडिलांना एवढा अभिमान की पाहुण्यांपुढे ते ती हकीकत घरच्या लग्नासारखी सांगत. अशा घरातील मुलाला पाने उकळून पाजावयाची म्हणजे आम्हांला अंमळ मागासलेपणाच वाटे.

चिरंजीवांना ताप आला तेव्हा आम्ही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो, लक्षणे तोंडी निवेदन केली आणि अमॉक्सिसिलिनची भुकटीची बाटली घेऊन आलो. चिठ्ठी आम्हांपाशी नव्हती, दुकानदाराने मागितली नाही. पावतीवाचून सव्वा रुपयाचे देयकही मंजूर न करणारा हा हिशेबखात्याचा मनुष्य! तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सर्दीपडशाचा ताप तसाही तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतोच, आणि विषाणूंपुढे या औषधाचे काही चालत नाही, हे ज्ञान पुढचे. त्या वेळी श्रेय बाटलीस मिळाले आणि उरलेली अर्धी शीतकपाटात विराजमान झाली. पाणी घातल्यावर ते औषध थोड्याच दिवसांचे सोबती असते, हे वेष्टनावर छापलेले होते. बारीक अक्षरे वाचणे हा आमचा व्यवसाय. घरी मात्र आम्ही ती वाचीत नाही.

दीड महिन्याने सहा वर्षांच्या कन्येस ताप आला. आम्ही तीच बाटली काढली आणि चहाच्या चमच्याने, अंदाजाने, चार दिवस पाजली. ताप थोडा दबे आणि संध्याकाळी पुन्हा चढे. आठव्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेले. बाईंनी पोट तपासले, जीभ पाहिली आणि विचारले, "आधी काही औषध दिलंत का?" आम्ही म्हणालो, "विशेष काही नाही." सौभाग्यवतींनी एकदा आमच्याकडे पाहिले आणि बाईंना सांगितले, "घरात अर्धी बाटली होती, ती दिली."

विषमज्वराचा संशय होता. रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून कोणते औषध त्यास लागू पडेल ते पाहावयाचे, असा शास्त्राचा मार्ग. रक्त गेले, आणि अनेक दिवसांनी उत्तर आले : काही वाढले नाही. आम्ही आनंदलो. बाईंनी तो आनंद टिकू दिला नाही. जंतू नाहीत असा त्याचा अर्थ नव्हे. अर्धवट औषधाने ते प्रयोगशाळेत वाढण्याइतके उरले नसतील, पोरीला छळण्यापुरते मात्र आहेत. आता अंदाजानेच, अधिक प्रबळ औषध सुईवाटे द्यावयाचे. चौदा दिवस दिले. कन्येचे हात निळे पडले होते. ती बरी झाली. पण त्या चौदा रात्री आम्ही ज्या खुर्चीवर काढल्या, तिचा एक पाय आखूड होता, हे आजही पाठीला स्मरते.

त्या रात्री आम्ही वाचीत असू. १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता : श्रीयुत क्ष. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन आणतो, जंतू मरण्यास अपुरे पण त्यांना शहाणे करण्यास पुरेसे असे घेतो. मग तोच शहाणा रोग त्याच्या पत्नीस जडतो, तिच्यावर औषध चालत नाही आणि ती मरते. वाचून आम्ही पुस्तक मिटले. गृहस्थाचा पत्ता पंडरीचा होता. १९४८ पासून विषमज्वरावर अमृत मानले गेलेले क्लोरॅंफेनिकॉल १९९० च्या सुमारास आपल्या देशात अनेक ठिकाणी निष्प्रभ ठरले. ते अशा किती क्ष-गृहस्थांच्या हातून, कोण जाणे.

अडुळशाचीही चौकशी आम्ही केली, काहीशी पराभूत बुद्धीने. त्यातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्झिन निघाले, आणि कफ पातळ करणारे ते औषध आमच्याच घरच्या बाटलीत होते! सौभाग्यवतींना हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मग बाटलीचे पैसे कशाला दिलेत?" परंतु त्यांचाही पक्ष निर्वेध राहिला नाही. गुळवेलीवर मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे कसोशीने काम केले; आणि त्याच मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये, महासाथीच्या भयाने गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. कोणती वेल, किती, कोणत्या प्रकृतीस, किती दिवस : वाद सगळा याच प्रश्नांभोवतीचा. येथल्या रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या औषधशास्त्र विभागासारख्या ठिकाणी वनस्पतीतील द्रव्ये मोजीत बसतात ती याचसाठी. मोजणे हा आमच्या खात्याचाही धर्म असल्याने आम्हांस त्या मंडळींविषयी जिव्हाळा वाटला. आमच्या घरात मात्र काढा मुठीने आणि औषध चमच्याने मोजले जात होते, आणि पिणारे मूल दोन्ही वेळी तेच.

गेल्या वर्षी काही कामानिमित्त रायपूरला जाणे झाले. पंडरीत उतरलो, घसा धरला होता, म्हणून सवयीने त्याच दुकानाची पायरी चढलो. जुना मालक नव्हता. त्याचा मुलगा बसला होता. २०१४ पासून काही प्रबळ औषधांची विक्री दुकानदाराने स्वतंत्र वहीत नोंदवावी लागते. ती वही आता त्याच्या हाताशी होती. आम्ही औषधाचे नाव घेताच त्याने नम्रपणे विचारले, "बाबूजी, पर्ची?"

आम्हांला क्षणभर रागच आला. मग मिठाच्या गुळण्या करावयास परत फिरलो.