ओंजळभर बाळहिरडा

घोडेगाव, मंगळवार रात्र.

आहुप्याकडच्या आजी आज पुन्हा आल्या. बाळहिरडा काढताना फांदीवरून घसरल्या, पडताना हात टेकला आणि मनगटाशी हाड मोडलं. असा मोड शल्यचिकित्सक अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली लिहून ठेवला, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी, केवळ बोटांनी चाचपून. मलाही अजून हातावर आधी हात ठेवल्याशिवाय काही कळत नाही.

प्लास्टर निघून आठवडा झालाय. पण तो हात सहा आठवडे गळ्यात बांधलेला. बोटं, कोपर, खांदा हलवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. याचं मला फार वाईट वाटतं. मनगटाच्या दुखण्यात खांदाही आखडला.

आधी चांगला हात मोजला, मग दुखरा. मनगट मागे वळतं ते जेमतेम २० अंश, चांगल्या हाताच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. आकडे लिहिले आणि म्हटलं, "आजी, अंबाडा घाला बरं." हात कानापाशीच अडला. त्यांचे डोळे भरले.

चेंडू दाबायला दिला तर कंटाळल्या. मग त्यांच्याच पिशवीतला ओंजळभर बाळहिरडा ताटात ओतला. एकेक चिमटीत धरून वाटीत टाकायचा.

"ही तर माझीच कामं की गं बाई!"

अकरा दाणे झाल्यावर अंगठा थरथरला. तिथेच थांबवलं, गरम पाण्याचा शेक दिला. शुक्रवारी पंधरा. आणि अंबाड्यासाठी भिंतीवर बोटं चढवत न्यायची, रोज खडूची एक रेघ.